सुकाणूची तक्रार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वान वक्त्यांनी शिक्षण, उद्योग, सहकार अशा भारदस्त विषयांवर विचार मांडले आहेत. त्या मालिकेत माझ्यासारख्या निवृत्त यंत्रकारागिराने शिडाच्या एका लहानशा होडीविषयी बोलावे, हे कित्येकांना विनोदाचे वाटेल. परंतु चिटणीसांचा आग्रह असा पडला की, आयुष्यभर ज्याचा नाद केला त्याच विषयावर बोला; उसने पांडित्य नको. तेव्हा आपला थोडा वेळ घेतो. बोलण्याच्या ओघात मला एका चुकीची कबुलीही द्यावयाची आहे. ती आपल्याच समाजासमोर द्यावी, असे फार दिवसांपासून मनात होते.

आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील समुद्रावर वाढले. माझे आजोबा मचव्यावर तांडेल होते. तो जुना मचवा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की, त्याची डोलकाठी नाळेच्या दिशेने पुढे झुकलेली असे आणि तिरप्या परबाणावर भलेमोठे शीड बांधलेले असे. आज मी ज्या नावेविषयी बोलणार आहे ती मात्र अगदी निराळी आहे. तिचे नाव 'एंटरप्राइज'. इंग्लंडातील जॅक होल्ट या नौकारचनाकाराने ती आखली आणि १९५६ साली ती लोकांपुढे आली. त्या वर्षीच्या जानेवारीच्या कडाक्यात अशा दोन चिमुकल्या नावा रात्रीच्या अंधारात इंग्लिश खाडी ओलांडून गेल्या आणि तेव्हापासून तिचा बोलबाला झाला. लांबी सव्वातेरा फूट, वजन सुमारे ९० किलो, माणसे दोन आणि शिडे निळी. आपल्या देशातही या वर्गाच्या नावांवर पुष्कळ मुले शिकली. मुंबईच्या पाण्याला या खेळाची परंपरा आहे. १९८२ साली दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा नौकाशर्यती मुंबईच्या समुद्रातच भरल्या होत्या, आणि 'फायरबॉल' वर्गात फारूख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने सुवर्णपदक मिळविले होते. या खेळात आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांनी मागे का राहावे, या हेतूने मी आणि माझ्या काही स्नेह्यांनी वसतिगृहातील मुलांसाठी एक जुनी एंटरप्राइज विकत घेतली. ही गोष्ट १९९४ सालची.

आता मूळ विषयाकडे वळतो. शिडाची नाव हाकताना सुकाणूचा दांडा आपल्या हाताशी काही ना काही बोलत असतो. नाव सरळ जात असता दांडा मधोमध आणि हलका राहिला, तर नावेचा तोल साधला आहे असे समजावे. पण कधी असे होते की, नाव सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते आणि तिला सरळ ठेवण्यासाठी दांडा स्वतःकडे, म्हणजे वाऱ्याच्या बाजूकडे, ओढून धरावा लागतो. नाविक लोक याला 'वेदर हेल्म' म्हणतात. आपण वातोन्मुख ओढ म्हणू. याच्या उलट कधी नाव वाऱ्यापासून तोंड फिरवून पळू पाहते आणि दांडा सारखा पलीकडे ढकलावा लागतो. तिला 'ली हेल्म', अर्थात वातविमुख ओढ, म्हणावे.

ही ओढ का निर्माण होते? देवळाच्या शिखरावरची वाऱ्याची दिशा दाखविणारी पताका आठवा. कणा एका जागी आणि कापड त्याच्या मागे, म्हणून वारा कापडाला मागे ढकलतो आणि टोक वाऱ्याकडे वळते. नावेचा कणा पाण्याखाली असतो. तिच्या मध्यातून खाली उतरणारा फळा, म्हणजे सेंटरबोर्ड, सुकाणूचे पाते आणि स्वतः नावेचा बुडालेला भाग, हे सर्व मिळून तिला आडवे घसरू देत नाहीत. या सर्वांचा विरोध जणू एका बिंदूत एकवटला आहे अशी कल्पना करा. तसेच दोन्ही शिडांवरचा वाऱ्याचा सर्व जोर एका बिंदूत एकवटला आहे असे माना. वाऱ्याच्या जोराचा बिंदू पाण्याच्या विरोधाच्या बिंदूमागे पडला की पिछाडी ढकलली जाते आणि नाळ वाऱ्याकडे फिरते. तो पुढे पडला की नाळ ढकलली जाते आणि नाव वाऱ्यापासून पळते. आपल्या बैलगाडीचाच हा न्याय आहे. माल पुढे फार भरला तर जू बैलांच्या मानेवर बसते. मागे फार भरला तर गाडी उलाळते. गाडीवान बैलाला चाबूक मारीत नाही, तो माल सरकवतो; निदान शहाणा गाडीवान तरी असे करतो. मी मात्र चाबूक मारला. ती हकीकत आता सांगतो.

आमच्या या नावेवर वसतिगृहातील एक मुलगा सुकाणू धरीत असे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावचा, अबोल आणि अंगाने किरकोळ. पण पाण्याची जाण उपजत होती. पहिल्या हंगामात त्याने नाव उत्तम हाकली. दुसऱ्या हंगामात मात्र वाऱ्याचा झोत आला की नाव एकदम वाऱ्याकडे तोंड वळवी, शिडे फडफडू लागत आणि मागच्या नावा पुढे निघून जात. एका शर्यतीत असे तीन वेळा झाले. किनाऱ्यावर परतल्यावर मी त्याला सर्व मुलांदेखत बोललो. "तुझ्या मनगटात जोर नाही, सुकाणू धरणे हे तुझे काम नव्हे," असे शब्द माझ्या तोंडून गेले. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण मी ऐकून घेतले नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही, आणि नंतरही कधी आला नाही. परीक्षा आटोपून तो गावी निघून गेला.

त्याच्या जागी दुसरा मुलगा बसविला. तो अंगापिंडाने मजबूत होता. दोन महिन्यांत त्याच्याही हाताला घट्टे पडले आणि त्यालाही सबब सुचली की शर्यतीला येणे जमत नाही. तेव्हा १९९७ च्या जानेवारीत एका सकाळी मी स्वतः सुकाणू धरले. अर्ध्या तासात माझा खांदा भरून आला आणि डोक्यात प्रकाश पडला. दोष मनगटाचा नव्हता, नावेचा होता.

यंत्रशाळेत मी चाळीस वर्षे काढली होती. यंत्र बिघडले तर आधी कामगाराला दोष देऊ नये, हे मी शिकाऊ मुलांना शिकवीत असे. नावेच्या बाबतीत तो धडा मला स्वतःलाच आठवला नाही. पण आता निश्चय केला की, यंत्र तपासावे तशी ही नाव तपासावयाची. त्यासाठी तीन नियम ठरविले. पहिला नियम असा की, एका वेळी एकच बदल करावयाचा. दुसरा, फुकटचे उपाय आधी आणि खर्चाचे नंतर. तिसरा, जे दिसेल ते त्याच दिवशी वहीत लिहावयाचे. तपासणीसाठी दिवसही निवडून घेतला पाहिजे. वारा एकसारखा, सात ते दहा सागरी मैल वेगाचा, आणि पाणी शक्य तितके शांत असावे. झुळका येत-जात असतील तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही.

आता जो क्रम मी अवलंबिला तो सविस्तर सांगतो. कारण नावा बाळगणाऱ्या तरुणांना त्याचा उपयोग व्हावा अशी माझी इच्छा आहे.

सर्वांत आधी सुकाणू पाहावे. येथे पुष्कळ जण फसतात. दांडा हाताला जड लागणे आणि नाव खरोखर एका बाजूस ओढणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एंटरप्राइजच्या सुकाणूचे पाते उथळ पाण्यात वर उचलता येईल असे बिजागरीवर बसविलेले असते, आणि दोरी ओढून ते खाली उतरवितात. ही दोरी ताणून लांबली की पाते पूर्ण खाली न जाता पाठीमागे तिरपे राहते. मग पाण्याचा दाब सुकाणूच्या खिळीपासून दूर पडतो आणि दांडा अतिशय जड होतो. पाण्याने भरलेली बादली अंगालगत धरली तर सोसवते. तीच हात लांब करून धरली तर हात कापू लागतो. बादली तीच, वजन तेच. म्हणून जडपणा नव्हे, तर दांड्याचा कोन पाहावा. नाव सरळ जात असता दांडा मध्यरेषेपासून किती कलला आहे हे पाहण्यासाठी मी आडव्या फळीवर खडूने खुणा केल्या. आमच्या नावेचे पाते वीतभर मागे तिरपे निघाले. नवी दोरी घातली, पाते सरळ उतरविले. जडपणा निम्म्याने कमी झाला. पण खडूच्या खुणांवर दांडा पूर्वीच्याच जागी राहिला. म्हणजे एक दोष गेला होता आणि दुसरा शिल्लक होता. सुकाणूच्या खिळी आणि कड्या सैल झालेल्या असतील तर त्याही येथेच पाहून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे नावेचा कल. लहान नावेत वातोन्मुख ओढीचे सर्वांत मोठे कारण हेच असते. नाव वाऱ्याने एका अंगावर कलली की शिडाचा जोर नावेच्या बाहेर, पाण्यावर जाऊन पडतो. होडीच्या एकाच काठाला दोर बांधून पुढे ओढली तर ती जशी दुसऱ्या बाजूस वळते, तसे तेथे घडते. शिवाय कललेल्या नावेचा पाण्यातला आकारही दोन्ही अंगांनी सारखा राहत नाही, आणि तोही तिला वाऱ्याकडे वळवितो. म्हणून दोघांनी काठावर बसून, अंग बाहेर झुकवून नाव सपाट ठेवावी आणि मग दांडा पाहावा. सपाट नावेत ओढ नाहीशी झाली, तर दोष नावेत नसून बसणाऱ्यांच्या आळसात आहे. झोत आला की मोठ्या शिडाची ओढदोरी क्षणभर सैल सोडावी, म्हणजे नाव कलत नाही. आमची नाव सपाट ठेवली तेव्हा ओढ कमी झाली, पण गेली नाही.

तिसरी कसोटी अगदी सोपी आहे, पण तिच्यासारखी बोलकी दुसरी नाही. एकदा उजव्या अंगाने वारा घेऊन जावे आणि एकदा डाव्या अंगाने. दोन्ही वेळा खडूची खूण पाहावी. दोन्हीकडे ओढ सारखी असेल तर दोष पुढे-मागे आहे. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी असेल तर काहीतरी वाकडे आहे. डोलकाठी एका अंगाला झुकलेली असेल, मधला फळा पिळवटलेला असेल, किंवा सुकाणूच्या कड्या मध्यरेषेवर बसविलेल्या नसतील. डोलकाठीच्या शेंड्यापासून दोन्ही काठांपर्यंत फीत लावून अंतर मोजले की पहिली शंका तेथल्या तेथे फिटते. आमच्या नावेत दोन्हीकडे ओढ सारखीच होती. म्हणजे वाकडेपणा नव्हता.

चौथी गोष्ट बसण्याची जागा. दोघेही पुढे सरकले तर नाळ खोल बुडते, पाण्याचा विरोध पुढे जातो आणि वातोन्मुख ओढ वाढते. मागे सरकले तर ती घटते. पण फार मागे बसले तर पिछाडी पाणी ओढू लागते आणि वेग मरतो. वाऱ्याच्या जवळून जाताना दोघांनी एकमेकांना चिकटून, नावेच्या मध्याशी बसावे, हे उत्तम. आजोबांच्या मचव्यात माल आणि नीरम याच विचाराने रचीत असत, हे मला येथे आठवले. त्यांना बिंदू आणि रेषा ठाऊक नव्हत्या, पण सुकाणू जड झाले की ते खलाशाला न रागावता आधी खणातली पोती पुढे-मागे करून पाहत.

पाचवी गोष्ट शिडे. मोठ्या शिडाची ओढदोरी अति ताणली तर त्याची मागची कड वाऱ्याच्या बाजूस आकड्यासारखी वळते आणि पिछाडीला ढकलते. पुढचे लहान शीड, म्हणजे जिब, सैल राहिले तर नाळेला धरून ठेवणारा जोर कमी पडतो. दोन्ही प्रकारांत वातोन्मुख ओढ वाढते. याउलट जिब फार ताणली आणि मोठे शीड सैल सोडले तर नाव वाऱ्यापासून पळू लागते. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी किनाऱ्याजवळ, सुरक्षित पाण्यात, सुकाणू वर उचलून नाव चालवून पाहावी. मोठे शीड ओढून नाव वाऱ्याआडच्या अंगावर किंचित कलविली की ती वाऱ्याकडे वळते. जिब ओढून, मोठे शीड सोडून ती वाऱ्याच्या अंगावर कलविली की उलट वळते. सुकाणूवाचून नाव फिरते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की तोल म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. शिडाचे वयही येथे पाहावे. जुन्या कापडाचे पोट सैल होऊन मागच्या कडेकडे सरकते आणि वाऱ्याचा जोरही त्याबरोबर मागे जातो. आमचे मोठे शीड जुने होतेच. शिडाची खालची आणि पुढची कड ताणून ते थोडे सपाट केले. फरक पडला, पण थोडा.

सहावी गोष्ट मधला फळा. एंटरप्राइजचा फळा खिळीवर फिरतो. तो थोडा वर घेतला की त्याचे टोक मागे जाते, पाण्याचा विरोध मागे सरकतो आणि वातोन्मुख ओढ कमी होते. मी तो चतुर्थांश वर घेतला. सुकाणू एकदम गुणी झाले. पण किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून पाहिले, तर नाव पूर्वीपेक्षा अधिक आडवी घसरत होती. म्हणजे हा उपाय जोराच्या वाऱ्यात तात्पुरता ठीक, पण रोगावरचे औषध नव्हे.

शेवटी राहिली डोलकाठी. शिडाच्या दोरीला फीत बांधून ती शेंड्यापर्यंत चढविली आणि तेथून पिछाडीच्या फळीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजले. आवारात दुसरी एक एंटरप्राइज होती; तिचेही तसेच मोजले. आमच्या नावेचे अंतर चार इंचांनी कमी भरले. याचा अर्थ आमची डोलकाठी पुष्कळच मागे झुकली होती, आणि तिच्याबरोबर दोन्ही शिडांचा जोरही मागे गेला होता. ती मागे का झुकली, याचा शोध घेता असे दिसले की, बाजूचे दोन तारेचे तणावे पूर्वी कधीतरी बदलले होते आणि नवे तणावे अर्ध्या इंचाहून किंचित अधिक आखूड झाले होते. इतक्याशा फरकाने एवढा अनर्थ कसा, असे आपण विचाराल. बाजूचा तणावा जवळजवळ उभाच असतो. त्यामुळे तो जरासा आखूड झाला तरी जिबची तार ताणून बसविताना डोलकाठीला टोकाशी कितीतरी मागे राहावे लागते. खाली बोटभर, वर वीतभर, असा हा हिशेब आहे.

दोष सापडला, पण माझी परीक्षा संपली नव्हती. यश मिळाले की माणसाला अतिरेकाचा मोह होतो. तणाव्यांच्या पट्ट्यांना भोके असतात आणि खिळ वरच्या भोकात घातली की तणावा लांब होतो. एका भोकाने काम भागले असते. मी दोन भोके वर गेलो आणि डोलकाठी दुसऱ्या नावेहूनही पुढे घेतली. पुढच्या रविवारी मंद वाऱ्यात दांडा लोण्यासारखा मऊ लागला. खरे म्हणजे तो मऊ नव्हता. तो किंचित पलीकडे ढकलून धरावा लागत होता. वहीत मी तशी नोंदही केली, पण तिचा अर्थ मनावर घेतला नाही.

त्याच दिवशी परतताना सुकाणूच्या पात्यात जाळ्याचा तुटका दोर अडकला. धाकट्या भावाला जागेवर बसवून, जिबची दोरी खाचेत अडकवून, मी पिछाडीवर गुडघे टेकून तो दोर काढू लागलो. इतक्यात एक प्रवासी लाँच जवळून गेली, तिच्या लाटेने नाव उचलली आणि मी पाठीवरून पाण्यात पडलो. नावेच्या पिछाडीचे वजन एकदम गेले. भाऊ वाऱ्याच्या बाजूस बसलेला होता, त्यामुळे नाव त्याच्या अंगावर कलली, ताणलेल्या जिबने नाळ वाऱ्यापासून फिरविली, शिडांत वारा भरला आणि नाव माझ्यापासून दूर धावू लागली. पुढे वारा पाठीमागून आला तेव्हा शिडाचा आडवा दांडा झटक्याने दुसऱ्या बाजूस गेला आणि भावाच्या कानशिलावर बसला. त्याला चार टाके पडले. मला ओहोटीच्या पाण्यात वीस मिनिटे तरंगावे लागले. अंगात तरंगते जाकीट होते आणि एका मच्छीमार नावेच्या तांडेलाचे लक्ष गेले, म्हणून आज मी आपल्यासमोर उभा आहे.

त्या वीस मिनिटांत मला जे उमगले ते कोणत्याही पुस्तकाने शिकविले नसते. नावेला थोडीशी वातोन्मुख ओढ असावी लागते. सुकाणू हातातून सुटले तर अशी नाव आपण होऊन वाऱ्याकडे तोंड करू पाहते, शिडे फडफडू लागतात आणि तिचा वेग जातो. पडलेल्या माणसाला पोहून तिच्यापर्यंत जाण्याची आशा राहते. वातविमुख नाव मात्र धन्याला पाण्यात टाकून पळते. अर्थात चांगल्या तोलाची नावही दर वेळी थांबेल असा भरवसा धरू नये. जाकीट अंगात असलेच पाहिजे, आणि एकटा माणूस नावेत उरेल अशा वेळी जिबची दोरी खाचेत अडकवून ठेवू नये. परंतु दांड्यावर तीन ते पाच अंशांचा कोन आणि हाताला दोन बोटांची ओढ, हा दोष नव्हे. नाव आपल्याशी बोलत असल्याची ती खूण आहे. मुळीच ओढ नसलेले सुकाणू मुके असते. मंद वाऱ्यात तर ते मुद्दाम बोलते करण्यासाठी नाव वाऱ्याआडच्या बाजूस किंचित कलवून ठेवतात. आम्ही एक भोक खाली आलो, अंतर दुसऱ्या नावेइतके जुळविले, आणि त्यानंतर ती नाव कोणाच्याही हातात शहाण्यासारखी वागू लागली.

आता कबुलीचा भाग. त्या वर्षी गणपतीला मी त्या मुलाच्या गावी गेलो. तोवर तो एका मासेमारी ट्रॉलरवर कामाला लागला होता. त्याच्या आईने चहा ठेवला. मी वही बरोबर नेली होती. सर्व हकीकत सांगितली आणि सर्वांदेखत जे बोललो होतो त्याबद्दल त्याच्या घरच्यांदेखत दिलगिरी व्यक्त केली. त्याने वही घेतली आणि पाने सावकाश चाळली. तणाव्यांच्या नोंदीपाशी तो थांबला आणि म्हणाला, "काका, मी तुम्हाला हेच सांगत होतो. तारा बदलल्या त्या रविवारपासून ती ओढायला लागली."

मंडळी, मी खडू, फीत आणि वही घेऊन दोन महिन्यांत जे शोधून काढले, ते या मुलाच्या तळहाताला पहिल्या दिवशीच कळले होते. सुकाणूची तक्रार प्रथम त्याच्या हाताने ऐकली होती आणि त्याने ती माझ्यापर्यंत आणलीही होती. मीच ती ऐकली नाही. माझ्या तपासणीच्या क्रमात म्हणून मी आता एक कलम सर्वांच्या वर लिहिले आहे. दांडा ज्याच्या हातात आहे त्याला आधी विचारावे: ओढ कधीपासून लागली, कोणत्या वाऱ्यात लागते, आणि त्या सुमारास नावेत काय बदलले होते? या तीन प्रश्नांना पैसा लागत नाही. तो मुलगा पुन्हा आमच्या नावेवर आला नाही. त्याला पोटापाण्याचा उद्योग होता आणि माझ्या शब्दाने गेलेले दोन हंगाम परत येणारे नव्हते. जाताना त्याने वही मागून घेतली. मी ती दिली. आज जे सांगितले ते बहुतेक आठवणीतून सांगितले आहे.

आपले मंडळ, त्याचे वसतिगृह, आपल्या घरची माणसे यांना नावेची उपमा देऊन लांबलचक उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच म्हणतो की, आपल्याकडेही एखादे काम वारंवार एका बाजूस ओढू लागले, तर ते ज्या तरुणाच्या हाती दिले आहे त्याला दोष देण्यापूर्वी डोलकाठी कोणी आणि केव्हा मागे नेली, हे पाहावे. आणि तो काही सांगू पाहत असेल, तर त्याला पुरते बोलू द्यावे.

आपल्या किनाऱ्यावरील मुलामुलींनी या खेळात उतरावे, पाण्याची भीती आणि पाण्याचा गर्व दोन्ही टाकून शिकावे, अशी माझी इच्छा आहे. ज्यांच्याकडे जुन्या नावा पडून असतील त्यांनी मला अवश्य हाक मारावी; फीत आणि खडू घेऊन मी येईन.